दोन नंबरची पिन कोणाची?

जुलैत औद्योगिक वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर पाण्यात गेला आणि आमच्या गाळ्यात चार दिवस लाइट नव्हती. पाचव्या दिवशी मामांनी मशीन चालू केलं आणि खालूनच हाक मारली, "ताई, जरा खाली या. मशीन कोरं झालंय."

आमचा गाळा भांडुपला, एलबीएस मार्गापासून आत. खाली मशीनं, पोटमाळ्यावर ऑफिस. गाळा काकांचा. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चार वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आले. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर. नात्याने ते कोणाचेच मामा नाहीत, पण सगळी वसाहत त्यांना मामाच म्हणते. जे कोरं झालं ते सेकंड हँड घेतलेलं सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं लेथ. त्याचा कंट्रोल, म्हणजे आतला कॉम्प्युटर, फानुक कंपनीचा. त्याची मेमरी बॅटरीवर टिकते. बॅटरीचा अलार्म महिनाभर स्क्रीनवर लुकलुकत होता. बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलावी लागते, एवढं आम्हाला माहीत होतं. पण कामाच्या घाईत ते राहून गेलं. चार दिवस मशीन बंद राहिल्यावर उरलेली बॅटरीही संपली.

पॅरामीटरची, म्हणजे मशीनच्या सेटिंगची, छापील यादी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेली होती म्हणून मशीन तरी जागेवर आलं. प्रोग्रॅम मात्र फक्त मामांच्या वहीत होते, साठेक. ते एकेक बटण दाबून पॅनेलवर भरायला घेतले. तिसऱ्या दिवशी एका ओळीत उणे चिन्ह राहून गेलं आणि टूल भलत्याच दिशेने निघालं. मामांचा हात फीड होल्डवर, म्हणजे टूल थांबवायच्या बटणावर होता म्हणून काम पकडणारा चक वाचला, टूल वाचलं आणि मामांची बोटंही. त्या संध्याकाळी मी काकांना सांगितलं, "काका, हे हाताने भरणं बंद करू या. मशीनला पोर्ट आहे, कॉम्प्युटरवरून टाकू. केबलचं मी बघते."

केबल म्हणजे वायर, दोन टोकं जोडली की झालं, असं तेव्हा मला वाटत होतं. पुढचे नऊ दिवस त्या दोन टोकांत गेले.

मशीनच्या बाजूला झाकणाखाली पंचवीस भोकांचं सॉकेट आहे. माझ्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारा जुन्या पद्धतीचा पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर घेतला. त्याला नऊ पिना. मग एका बाजूला नऊ भोकं आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस पिना अशी तयार केबल जवळच्या दुकानातून आणली. दोन्हीकडे अगदी चपखल बसली, स्क्रूही लागले. मशीनवर रीड दाबलं आणि लगेच ८६ नंबरचा अलार्म: डीआर सिग्नल ऑफ. अलार्म काढला, पुन्हा दाबलं, पुन्हा ८६. डेटाचा वेग बदलून पाहिला, कन्व्हर्टर बदलून पाहिला. रात्री साडेआठपर्यंत मी तेच करत होते.

केबल बिघडलेली नव्हती, आणि ते कळायलाच मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ती मोडेमची, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून डेटा पाठवणाऱ्या यंत्राची केबल होती. ज्या कामासाठी बनवली ते काम तिने चोख केलं असतं. माझं काम वेगळं होतं, पण कनेक्टरच्या आकारावरून ते ओळखायची काही सोय नाही.

हे नीट सांगते, कारण मला कोणी असं सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता.

या पोर्टचं मानक आरएस-२३२. ते १९६० साली अमेरिकेत आलं आणि त्याची बरीच वर्षं चाललेली 'सी' आवृत्ती १९६९ची. तेव्हा प्रश्न एकच होता: टेलिप्रिंटर किंवा टर्मिनल (कीबोर्ड आणि स्क्रीनचं यंत्र) एका बाजूला, मोडेम दुसऱ्या बाजूला, यांना कसं जोडायचं? म्हणून मानकात दोन भूमिका ठरल्या. एक टर्मिनलची आणि एक मोडेमची. पिनांना नावं दिली ती सगळी टर्मिनलच्या बाजूने. पंचवीस पिनांत २ नंबर म्हणजे 'ट्रान्समिट', पण कोणी पाठवायचं? टर्मिनलने. मोडेमवरही त्या पिनेला ट्रान्समिटच म्हणतात, फक्त मोडेम त्या पिनेवर ऐकतो. त्यामुळे टर्मिनल आणि मोडेम जोडताना २ ला २, ३ ला ३ अशी सरळ केबल चालते. दोन्ही टोकांना टर्मिनलच असेल तर मात्र दोघंही २ वर बोलतात आणि ३ वर कान देतात, म्हणजे तारा उलटसुलट कराव्या लागतात. या उलट्या केबलला नल मोडेम म्हणतात.

कॉम्प्युटर टर्मिनलच्या भूमिकेत असतो. आमचं मशीनही त्याच भूमिकेत निघालं. मला फसवलं ते मशीनच्या सॉकेटने. टर्मिनलला पिनांचं म्हणजे मेल कनेक्टर आणि मोडेमला भोकांचं म्हणजे फीमेल, असा रिवाज आहे. मशीनला भोकं पाहून मी ते मोडेमच्या जागी धरलं. दुकानदारानेही तसंच धरलं असणार.

यात आणखी एक गुंता नऊ पिनांचा. १९८४ साली आयबीएमच्या पीसी एटीवर नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आला आणि पुढे तोच रूढ झाला. त्यात २ नंबर ऐकण्याचा आणि ३ नंबर बोलण्याचा. पंचवीसच्या बरोबर उलट. जमीन, म्हणजे सिग्नल ग्राउंड, पंचविसात ७ वर, नवात ५ वर. म्हणजे नऊ-पंचवीसची मोडेम केबल आतून २-३, ३-२ अशी तिरकी असते, आणि नऊ-पंचवीसची नल मोडेम २-२, ३-३ अशी सरळ! नुसतं 'क्रॉस केबल द्या' म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र येतं ते यामुळेच. मी ते कागदावर तीनदा काढलं आणि तीनदा खोडलं. शेवटी काकांनी ऑफिसातून एक जुनं कॅलेंडर दिलं, त्याच्या पाठीमागे मोठ्ठं काढलं तेव्हा डोक्यात बसलं.

तरीही मशीनचं मॅन्युअल आमच्याकडे अर्धवट होतं आणि सेकंड हँड मशीनच्या आत आधीच्या मालकाने काय केलंय ते कोण सांगणार? म्हणून व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला.

ही युक्ती मला वसाहतीतल्याच एका वायरमनकाकांनी दाखवली. आरएस-२३२ची बोलणारी तार गप्प असतानाही शून्यावर नसते, ती ऋण व्होल्टेजवर उभी असते. मानकात ऐकणाऱ्याच्या टोकाला उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. मधल्या पट्ट्याला अर्थच नाही. ऐकणारी पिन मात्र आतल्या रोधामुळे जमिनीशी बांधलेली असते आणि साधारण शून्य दाखवते. म्हणजे काळी काडी ग्राउंडला लावायची आणि लाल काडी २ वर, मग ३ वर. जिथे ऋण आकडा दिसेल ती पिन बोलते.

कन्व्हर्टर आधी तपासला. ३ वर उणे ५.६, २ वर जवळजवळ शून्य. पुस्तकात आहे तसंच. मग मशीन. मामांनी टॉर्च धरला. भोकं इतकी बारीक की मीटरची काडी आत जात नव्हती, म्हणून सुट्या तांब्याच्या तारेचा एक एक धागा पिळून काडीला गुंडाळला. ७ नंबरच्या भोकात काळी. सॉकेटच्या तोंडावर प्रत्येक भोकाशेजारी राईच्या दाण्याएवढा आकडा कोरलेला असतो. त्यात पावसाळ्याचं तेल आणि धूळ बसलेली. मामांनी जुन्या टूथब्रशने ते घासून काढलं आणि म्हणाले, "वाचा आता." लाल काडी २ वर: उणे ९.४. ३ वर: ०.०२. मशीन २ वर बोलत होतं. म्हणजे मशीन टर्मिनल. शंकाच संपली.

मग मी सहज म्हणून शेवटच्या ओळीतल्या २५ नंबरवर काडी नेली आणि मीटरने २४ व्होल्ट दाखवले. फानुकच्या या पोर्टवर २५ नंबरला २४ व्होल्टचा पुरवठा असतो. जुन्या काळी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवत, ती पट्टी वाचणाऱ्या यंत्रासारखी उपकरणं याच पोर्टवर लागत. हे वाचायला मिळालं ते नंतर. त्या क्षणी माझे हात थंड पडले, कारण दोनच दिवसांपूर्वी मी पंचवीसच्या पंचवीस तारांची सरळ केबल आणि पुढे पंचविसाचं नऊ करणारं जोडपं (अडॅप्टर) लावायचा विचार करत होते. तसं केलं असतं तर ते २४ व्होल्ट कुठे पोचले असते हे त्या जोडप्याच्या आतल्या वायरिंगवर सोडावं लागलं असतं. तेव्हापासून माझा नियम: लागतात तेवढ्याच तारा घालायच्या. आम्हाला तीन लागतात, वर बाहेरचा विजेचा गोंधळ अडवणारी एक जाळी.

कनेक्टर आणायला ग्रँट रोडला गेले. भांडुपहून दादर, तिथे पश्चिम रेल्वे बदलून ग्रँट रोड, आणि पूर्वेला उतरून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला लॅमिंग्टनच माहीत. धो धो पाऊस होता. दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहून सांगितलं, "नऊ फीमेल, पंचवीस मेल, सोल्डरचे, हूडसकट." हूड म्हणजे कनेक्टरचं पाठीमागचं झाकण. शेठनी प्लास्टिकच्या खणांतून मुठीने काढून ठेवले आणि विचारलं, "हूड मेटल की प्लास्टिक?" मशीनजवळचं काम म्हटल्यावर स्वतःच मेटल पुढे सरकवला आणि जाळीवाली चार तारांची केबल दाखवली. मी वरच्या थराला नख लावून आतली जाळी घट्ट विणलेली आहे का ते पाहिलं आणि दहा मीटर घेतली. आरएस-२३२ला जुना दंडक १५ मीटरचा आहे. पोटमाळ्यापर्यंत मला आठ पुरत होते.

एक जाता जाता. नऊ पिनांच्या कनेक्टरला सगळा बाजार डीबी-९ म्हणतो. खरं तर त्या नावातलं दुसरं अक्षर कवचाचं माप सांगतं: बी म्हणजे पंचवीसचं कवच, नवाचं कवच ई. म्हणजे नाव डीई-९ हवं. पण लॅमिंग्टनवर डीई-९ मागाल तर कोणी काही देणार नाही.

सोल्डरिंग मी कॉलेजनंतर पहिल्यांदाच करत होते. कनेक्टरच्या पाठीमागे प्रत्येक पिनेला छोटी वाटी असते, अर्धी कापलेली. आधी वाटीत थोडं सोल्डर वितळवून ठेवायचं, तारेच्या टोकालाही चढवायचं, मग तार वाटीत धरून आयर्न फक्त टेकवायचं. वाटीतलं सोल्डर एकदम चमकतं, तार आपोआप खाली बसते, आणि आयर्न उचलल्यावर दोन सेकंद हात हलवायचा नाही. हात हलला तर चमक जाते आणि राखाडी, खरखरीत सांधा राहतो. तो आज जोडलेला वाटतो आणि पंधरा दिवसांनी सुटतो. तारेवर हीट श्रिंकची नळी (तापवली की आवळून बसणारी) आधीच सरकवून ठेवायला पहिल्या तारेच्या वेळी विसरले, ती काढून पुन्हा केली.

नऊचं टोक झालं. मीटरचा बझर लावला, तार सलग जोडलेली असेल तर तो वाजतो. ३ नंबर वाजला. २ वाजला नाही. ५ वाजला नाही. सोल्डर तर तिन्ही चमकदार दिसत होते.

मी भोकांच्या तोंडाचं चित्र समोर ठेवून पाठीवर सोल्डर केलं होतं. पाठीमागून पाहिलं की डावं-उजवं उलटतं. १ च्या जागी ५, २ च्या जागी ४. मधला ३ तेवढा जिथल्या तिथे राहतो. तो एक वाजल्यामुळे मी आणखी अर्धा तास तारेतच दोष शोधत बसले. पंचविसाच्या टोकाला हीच चूक केली असती तर वरच्या ओळीतला मधला ७ नंबर, म्हणजे ग्राउंड, बरोबर बसला असता आणि बाकीचं चुकलं असतं. आकडे पाठीमागेही कोरलेले असतात, वाट्यांच्या मुळाशी. भिंग घेऊन तेच वाचायचे, चित्र बघायचंच नाही. तीनही तारा काढून पुन्हा लावल्या.

मग आखूड तारांचे पूल. आमच्या कंट्रोलला डेटा येण्याआधी 'समोरचा तयार आहे' असा सिग्नल हवा असतो. तोच नव्हता म्हणून ८६. समोरच्याकडून तो आणायच्या ऐवजी मशीनचा स्वतःचा सिग्नल त्यालाच परत द्यायचा. पंचविसाच्या टोकात ४ आणि ५ एकमेकांना, आणि ६, ८, २० हे तीन एकमेकांना. नवाच्या टोकात ७-८ आणि १-४-६. लांबीच्या तारा तीनच: नवातला २ पंचविसातल्या २ ला, ३ ला ३, आणि ५ ला ७. जाळी फक्त मशीनच्या टोकाला, १ नंबरवर; लॅपटॉपच्या टोकाला ती कापून टेप लावून बंद केली. दोन्हीकडे जोडली तर दोन अर्थिंगमधला फरक त्या जाळीतून वाहायला लागतो.

बझरने पुन्हा सगळं तपासलं. जे वाजायला हवं ते वाजतं का, एवढंच नाही. जे वाजायला नको ते गप्प आहे का तेही. पंचविसाच्या टोकावर २५ नंबर प्रत्येक पिनेशी लावून पाहिला. मामा शेजारी उभं राहून वहीत बरोबरची खूण करत होते. मग मशीन बंद, लॅपटॉप बंद, दोन्ही टोकं लावली, आणि दोन्ही चालू केले.

रीड दाबलं. ८६ आला नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'एलएसके' लुकलुकायला लागलं, म्हणजे मशीन वाट पाहतंय. लॅपटॉपवरून पाठवलं आणि ८५ आला, कम्युनिकेशन एरर. मला खरोखर आनंद झाला. अलार्म बदलला याचा अर्थ तारेतून काहीतरी पोचलं होतं. केबलचा प्रश्न सुटला, आता उरला भाषेचा. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ८ बिट, पॅरिटी नाही असं होतं. मशीनला हवे होते ७ बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला एक जादा बिट), २ स्टॉप, म्हणजे शेवटचे बिट. तेही कागदी पट्टीच्या काळापासून आलेलं. ते बदलल्यावर छोटा प्रोग्रॅम गेला. मोठा पाठवला तर मध्येच ८७, बफर ओव्हरफ्लो: मशीन 'थांब' म्हणत होतं आणि लॅपटॉप ऐकत नव्हता. तीन तारांच्या केबलमध्ये हा 'थांब' वेगळ्या तारेने येत नाही, डेटाच्याच वाटेने एका खास अक्षराने येतो. सॉफ्टवेअरमध्ये एक्सऑन-एक्सऑफ चालू केलं आणि मोठा प्रोग्रॅमही गेला.

वेग सेकंदाला ४८०० बिटच ठेवलाय. एका अक्षराला सुरुवातीचा एक, सात डेटाचे, एक पॅरिटीचा आणि दोन शेवटचे असे अकरा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला चारशे छत्तीस अक्षरं. बारा हजार अक्षरांचा आमचा सगळ्यांत लांब प्रोग्रॅम अर्ध्या मिनिटाच्या आत जातो. हाताने तो भरायला मामांना पूर्ण दिवस लागला होता. पहिल्यांदा तो गेला तेव्हा मामांनी वही उघडून ओळ न् ओळ स्क्रीनशी ताडून पाहिली, उणे चिन्हांवर बोट ठेवत. सगळी जागेवर होती.

दोन दिवसांनी पुन्हा ८५ यायला लागला, तोही कधीमधी. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं की हमखास. केबल मी स्पिंडल मोटरच्या पॉवर केबलशेजारून, एकाच पट्टीत बांधून वर नेली होती. ती सोडवून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेली, पॉवरची केबल जिथे ओलांडायची तिथे काटकोनात ओलांडली. तेव्हापासून आलेला नाही.

साठही प्रोग्रॅम आता लॅपटॉपवर आणि दोन पेन ड्राइव्हवर आहेत, पॅरामीटरही. नवी बॅटरी घातली त्या तारखेची चिठ्ठी पॅनेलवर लावली. हूडच्या आत पिनांचा नकाशा घडी करून ठेवलाय आणि बाहेर पांढऱ्या टेपवर लिहिलंय: 'लेथ–लॅपटॉप, ३ तारा, मोडेमची नाही'.

काल काका म्हणाले की मुलुंडला एक जुनं मिलिंग मशीन बघून आलेत, दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलचं, त्यालाही पंचवीस भोकांचंच सॉकेट आहे. "हीच केबल चालेल ना गं?" त्यांनी विचारलं. मी मीटर पिशवीत टाकला. शनिवारी आधी २ आणि ३ वर काडी लावून बघणार, मग २५ वर.